पायचीत हॉकी

खडकीच्या काकांच्या मते हॉकी मेली. कधी मेली विचारलं तर 1976 सांगतात. मूड बिघडलेला असेल तर 1975 चा विश्वचषक जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी. मेली म्हणायचं आणि तरी प्रत्येक सामन्याला टीव्हीसमोर जागा धरायची, असं त्यांचं पन्नासेक वर्षं सुतक चालू आहे. काका मुळात माझ्या एका मित्राचे. पण खडकीत काका ही सार्वजनिक मालमत्ता असते, त्यामुळं प्रो लीगचा सामना असला की मीही शेंगदाण्याची पुडी घेऊन त्यांच्याकडं जातो.

परवाचीच गोष्ट. आपला एक पोरगा उजव्या बगलेनं सुसाट आला. दोघांना मागं टाकलं, 'डी'त, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरला. समोर एकटा बचावपटू, त्याच्यामागं गोलकीपर. काका खुर्चीत पुढं सरकले. तरुणपणी ते फॅक्टरीच्या संघातून लेफ्ट आउट खेळायचे. अशा वेळी त्यांचं मनगट आपोआप वळायला लागतं. आता हा डावीकडं झुलवणार, उजवीकडून काढणार, अशी सगळी वळणं त्यांच्या मनगटानं आधीच घेऊन टाकली होती. पोरानं काय केलं? चेंडू सरळ त्या बचावपटूच्या बुटावर हाणला आणि दोन्ही हात वर करून अंपायरकडं बघितलं. शिट्टी. पेनल्टी कॉर्नर. सगळ्या संघानं पोराची पाठ थोपटली.

काका मागं टेकले. "गोल समोर होता," ते म्हणाले, "आणि हा पाय शोधत होता."

आजच्या हॉकीवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

नियम जुनाच आहे. 'डी'मध्ये चेंडू बचावपटूच्या पायाला लागला की कॉर्नर. नवं आहे ते शहाणपण. चकवायला गेलं तर चेंडू हातचा जाणार, प्रशिक्षक बाकावरून बघणार, संध्याकाळी लॅपटॉपवर तोच तुकडा तीनदा दाखवणार. त्यापेक्षा समोर दोन मोठाले बूट दिसतायत. मारा त्यांवर. क्रिकेटमध्ये फलंदाज पायचीत झाला की तंबूत जातो आणि विषय संपतो. हॉकीत बचावपटू पायचीत झाला की विषय सुरू होतो, आणि बराच वेळ चालतो.

कसा, ते जरा बघा. कॉर्नर मिळाला की घड्याळ थांबतं आणि चाळीस सेकंद तयारीला मिळतात. बचाव करणारे चौघं गोलकडं धावतात. तिथं मुखवटे, हातमोजे, गुडघ्यांची पॅडं यांचा ढीग पडलेला असतो. चौकात मामा दिसल्यावर पुणेकर ज्या तत्परतेनं डिकीतलं हेल्मेट डोक्यावर चढवतो, तीच तत्परता. चौक ओलांडल्यावर जसं ते उतरतं, तसंच इथंही. चेंडू लांब गेला रे गेला की मुखवटे काढून मागं भिरकावायचे. तिकडं 'डी'च्या टोकाशी आक्रमण करणाऱ्यांचं खलबत. डोक्याला डोकं लावून, तोंडावर हात धरून. गुंठेवारीचा व्यवहार ठरत असल्यासारखं. आणि एवढं गुपित ठरवून शेवटी चेंडू मारणार कोण? राउरकेल्याच्या स्टेडियमबाहेरच्या झालमुरीवाल्यालाही जो ठाऊक असतो, तोच.

मग एकजण गोलरेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा 'डी'च्या वर थांबवतो, तिसरा काठीच्या आकड्यात धरून ओढत-ओढत फेकतो, म्हणजे फ्लिक करतो. चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. एक तर जाळीत, नाही तर फळीवर 'खट्'. एवढ्यात काकांचा एक शेंगदाणाही सोलून होत नाही.

बरं, तेवढ्यावरही संपत नाही. ज्याच्या पायाला चेंडू लागला त्याला तो लागलाय हे कधीच मान्य नसतं. कर्णधार हातांनी इंग्रजी 'टी' करून दाखवतो आणि प्रकरण व्हिडिओ अंपायरकडं जातं. मग आपण बूट बघतो. समोरून, बाजूनं, मागून, सावकाश, अतिसावकाश. माझ्या बायकोनं एकदा आतून येता-येता विचारलं, "बुटांची जाहिरात आहे का?" आजवर मला तिला पटेल असं उत्तर देता आलेलं नाही.

या सगळ्या विधीत एकच माणूस जिवंत असतो. गोलमधून सगळ्यांत आधी, सरळ फ्लिक करणाऱ्याच्या अंगावर धावत सुटणारा. हॉकीच्या भाषेत पहिला रशर. त्याचं काम फ्लिक अडवणं, आणि अडवायला त्याच्याकडं मुख्यतः स्वतःचं शरीर असतं. आपला अमित रोहिदास हे काम वर्षानुवर्षं करतोय. समोरून दगडासारखा चेंडू येतोय आणि हा माणूस तिकडंच पळतोय; मला तर कधी-कधी वाटतं कॅमेरा सगळा वेळ त्याच्यावरच ठेवावा. पण नाव छापून येतं ते फ्लिक करणाऱ्याचं. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासनं 348 आंतरराष्ट्रीय गोल केले, ते प्रामुख्यानं याच हत्यारावर. आपला हरमनप्रीत सिंग पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा ठरला. भारताचे एकूण गोल पंधरा, त्यातले दहा त्याचे, कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे. म्हणजे उरलेल्या सगळ्यांनी आठ सामन्यांत मिळून पाच. त्याच वर्षी हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीतला 78 लाख मिळाले. बुटांना त्यातलं काही मिळालं नाही.

आता खडकीतलंच दुसरं नाव घेतो. धनराज पिल्ले. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला, मोडक्या स्टिका बांधून-जोडून खेळायला शिकलेला. केस उडवत तो डाव्या-उजव्या बगलेनं निघाला की बघणाऱ्याचा श्वास वर. चार ऑलिंपिक खेळला, चार विश्वचषक खेळला. पदकं? या आठांत एकही नाही. आणि हरमनप्रीतच्या गळ्यात दोन ऑलिंपिकची दोन ब्राँझ. पॅरिसला स्पेनविरुद्ध ब्राँझच्या सामन्यात आपण 2-1 जिंकलो. दोन्ही गोल त्याचे, दोन्ही कॉर्नरवरून. खडकीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. काकांनी दोन खाल्ले. मी विचारलं, "काका, हे पण पायचीतच होतं की!" तर म्हणाले, "पेढा खाताना बोलू नये."

इथंच खरी अडचण आहे. बघायला बरी वाटणारी हॉकी आपल्याला हरवत होती, आणि जिंकून देणारी हॉकी बघताना आपण जांभया देतो. आणि दोन्ही वेळा तक्रार करायला आपण मोकळे.

बरं, हे फक्त प्रेक्षकांनाच वाटतं असंही नाही. दुकानदारालाही वाटलं होतं. 2016 साली हॉकी इंडिया लीगनं नियम केला की मैदानी गोल, म्हणजे चालू खेळात केलेला गोल, दोन गोलांचा धरायचा. कॉर्नरचा एकच. आमटीत पाणी फार झालंय हे खानावळीच्या मालकानंच कबूल करावं, आणि पाणी कमी करण्याऐवजी प्रत्येक वाटीमागं एक पापड फुकट द्यावा, असा तो प्रकार. गुणफलक कबड्डीसारखा पळायला लागला. काका म्हणाले, "दोन कशाला, पाच द्या. पण आधी तिथं जाऊन मारायला सांगा कुणीतरी."

एवढं काकांच्या बाजूनं बोलल्यावर आता त्यांच्या विरुद्ध थोडं बोलायला हवं, नाही तर पुढच्या सामन्याला शेंगदाणे मलाच सोलावे लागतील.

जुनी हॉकी थरारक होती, जुनी हॉकी थरारक होती, असं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बघितली? 1932 ला लॉस एंजलिसमध्ये आपण अमेरिकेला 24-1 नं हरवलं. रूपसिंगचे दहा, ध्यानचंदचे आठ. या सामन्यात थरार कुठल्या मिनिटाला होता, ते कुणी सांगेल काय? अमेरिकेचा तो एकमेव गोल झाला तेव्हा आपला गोलकीपर रिचर्ड ऍलन गोलमागं उभा राहून सह्या देत होता, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. पण सुवर्णयुगाची सगळ्यांत लाडकी कथा काय, तर आपलाच गोलकीपर सामना बघून कंटाळला होता!

आणि 1975. क्वालालंपूर, अंतिम सामना, समोर पाकिस्तान, ध्यानचंदांच्या मुलाचा, अशोककुमारचा विजयी गोल, 2-1. काकांना तो गोल पाठ आहे. चेंडू कुठून आला, कसा वळला, पाकिस्तानी खेळाडू अंपायरभोवती कसे जमले, सगळं सांगतात, हातवारे करून. मी एकदा विचारलं, "काका, तेव्हा टीव्ही कुठं होता तुमच्याकडं?" काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रेडिओवर दिसलं."

दिसणारच. निवेदक जसदेव सिंगांच्या आवाजात चेंडू कधी बुटाला लागायचा नाही. लागला तरी असा लागायचा की ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी. रेडिओला रीप्ले नव्हता, अतिसावकाश बूट नव्हते. श्वास घ्यायला थांबला तरी निवेदक आवाज चढवून थांबायचा. आता तुम्ही तोच खेळ निळ्या टर्फवर, पिवळ्या चेंडूनं, नऊ कॅमेऱ्यांतून, थंड डोक्यानं बघताय. ध्यानचंदांना नऊ कॅमेऱ्यांतून कुणी बघितलेलं नाही, हे त्यांचं आणि आपलंही भाग्य.

टर्फचं रडगाणं मात्र मी काकांना गाऊ देतो, कारण त्यात तथ्य आहे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला पहिल्यांदा गवत गेलं आणि कृत्रिम पृष्ठभाग आला. वर्षभरापूर्वीचे जगज्जेते आपण, सातवे आलो. गवतावर चेंडू उडायचा, अडायचा, त्याला काठीशी चिकटवून ठेवणं हीच कला होती. टर्फवर चेंडू वाण्याच्या फरशीवर सुटलेल्या गोटीसारखा पळतो. त्याला चिकटवायची गरज उरली नाही, नुसतं पुढं पाठवायचं आणि मागं धावायचं. त्यात ऑफसाइड गेलं, बदली खेळाडू हवे तेव्हा आत-बाहेर करायला लागले, पुढं फ्री हिट स्वतःच घेऊन स्वतःच पळत सुटायची सोय झाली. पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन भागांचे पंधरा-पंधराचे चार झाले. सगळे बदल थरार वाढावा म्हणूनच केले होते. वेग वाढला, यात शंका नाही. आता कुणी दमतच नाही! आणि जो दमत नाही तो चुकत नाही. काकांच्या काळात साठाव्या मिनिटाला फुलबॅकच्या जिभा बाहेर यायच्या, तेव्हा कुठं लेफ्ट आउटचं राज्य सुरू व्हायचं. आता साठाव्या मिनिटाला सामनाच संपतो, आणि फुलबॅक नुकताच बाकावरून ताजातवाना होऊन आलेला असतो.

(टर्फवर पाणी मारावं लागतं, तेही भरपूर. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले, तेव्हा हॉकीच्या टर्फचं नाव कुणी काढल्याचं माझ्या आठवणीत नाही. महाराष्ट्रात हॉकी पाण्यावर चालते हे कळायला आधी महाराष्ट्रात हॉकी चालते हे कळायला हवं ना.)

मग चकवा गेला कुठं? तो मनगटाचा खेळ, ती डावी-उजवी, ते गोलकीपरला जमिनीवर झोपवणं? गेलेला नाही. मुदत ठेवीत ठेवलाय. बाद फेरीतला सामना बरोबरीत सुटला की शूटआउट होतो, आणि तिथं एक खेळाडू तेवीस मीटरच्या रेषेवरून निघतो, समोर फक्त गोलकीपर, हातात आठ सेकंद. इथं पाय शोधून भागत नाही. इथं चकवावंच लागतं. गोल घुमायचं, पाठ फिरवायची, काठी उलटी करून चेंडू ओढायचा, गोलकीपरच्या पायाशी लोळण घेऊन तो डोक्यावरून उचलायचा. सामनाभर वरण-भात आणि शेवटी आठ सेकंद लोणचं. पुरुषांच्या हॉकीतले अलीकडचे चार मोठे अंतिम सामने घ्या. 2018 चा भुवनेश्वरचा विश्वचषक, टोकियोचं ऑलिंपिक, 2023 चा विश्वचषक, पॅरिसचं ऑलिंपिक. चारही बरोबरीत सुटले, चारही शूटआउटवर निकाली निघाले. 2018 ला तर बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी साठ मिनिटं खेळून शून्य-शून्य केलं. जगातले सगळ्यांत चांगले दोन संघ, विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि गोल नाही. प्रो लीगनं तर बरोबरीलाही बंदीच घातल्यासारखी केलीय. साखळीतला साधा सामना बरोबरीत सुटला तरी जादाच्या गुणासाठी शूटआउट. लोणचं विकलं जातंय म्हटल्यावर वरण-भाताकडं कोण बघतो?

तरीही टोकियोचा तो ब्राँझचा सामना मी विसरत नाही. जर्मनीविरुद्ध आपण 1-3 मागं, मग 5-4 पुढं. घड्याळात शेवटचे सहा सेकंद आणि जर्मनीला, घ्या, पेनल्टी कॉर्नर. त्या दिवशी ते मुखवटे चढवणं, ते खलबत, ते थांबलेलं घड्याळ, कशाकशाचा कंटाळा आला नाही. उलट वाटत होतं की ही चाळीस सेकंदं अशीच राहावीत, कुणी काही मारूच नये. आपला गोलकीपर श्रीजेशनं चेंडू अडवला. एक्केचाळीस वर्षांनी पदक. काका उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मेलेल्या खेळासाठी इतका वेळ गॅलरीत उभं राहायचं कारण मी विचारलं नाही.

आपल्या राज्याबद्दल एक शब्द. व्यावसायिक हॉकीला लोक येत नाहीत असं म्हणतात, पण महाराष्ट्रात लोक यायच्या आधी संघच निघून जातात. प्रीमियर हॉकी लीगमध्ये आपले मराठा वॉरियर्स होते. वर्ल्ड सीरीज हॉकीत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स होते; पुणे तर अंतिम फेरीत पोचलं आणि मग ती लीगच पुन्हा झाली नाही. हॉकी इंडिया लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स आले आणि नावाला जागले, म्हणजे नाहीसे झाले. मग दबंग मुंबई. 2005 ते 2017, बारा वर्षांत पाच नावं, आणि तुमच्या कपाटात एकाचाही टी-शर्ट नाही. मध्ये सात वर्षं बंद पडलेली लीग 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. धनराजचं राज्य!

तिकडं ओडिशातल्या सुंदरगढकडं बघा. तिथल्या गावांमधून 'खस्सी' स्पर्धा चालतात. जिंकणाऱ्या संघाला बक्षीस बोकड. नियम सोपे, मैदान मातीचं, व्हिडिओ अंपायर नाही. आणि बोकड पणाला लागलेला असताना हॉकी रटाळ झालीय का, हा प्रश्न कुणाला पडत नाही. दिलीप तिर्की, अमित रोहिदास त्याच जिल्ह्यातले. 2023 च्या विश्वचषकासाठी तिथं, राउरकेल्यात, वीस हजारांवर माणसं बसतील असं स्टेडियम बांधलं आणि ते भरलंही. मी काकांना म्हटलं, आपल्या लीगलाही बोकड ठेवून बघायला काय हरकत आहे? काका म्हणाले, "लिलावात तोच महाग जाईल."

तर परवाचा सामना. बरोबरीत सुटला, शूटआउट झाला, एका पोरानं गोलकीपरभोवती अशी काही गिरकी घेतली की काका "शाब्बास" म्हणाले. मग स्वतःशी पुटपुटले, "पण उजवा खांदा आधी पाडायला हवा होता." मी म्हटलं, म्हणजे कसा? ही माझी चूक.

काका उठले. कोपऱ्यातली काठी उलटी धरली, टोपलीतलं एक लिंबू फरशीवर टाकलं आणि मला दिवाणखान्याच्या दारात उभं केलं. "तू फुलबॅक. मागं गोल. सोडायचं नाही मला." शहात्तर वर्षांचा माणूस. गुडघ्याला पट्टा. पण काठी लिंबाला लागली आणि मनगट असं काही वळलं की मला खरोखर दोन लिंबं दिसली. डावीकडं झुलले, मी डावीकडं. खांदा पडला, मी उजवीकडं. आता जातात, असं वाटलं. टीपॉय आणि सोफा यांच्यात जेमतेम हातभर वाट होती, आणि त्या वाटेत मी पाय रोवून उभा.

काका क्षणभर थांबले. माझ्या चपलेकडं बघितलं. लिंबू टक्कन चपलेवर आदळलं.

"फूट!" काका ओरडले, दोन्ही हात वर करून, आतल्या खोलीकडं तोंड करून, जणू काकू अंपायर आहेत. "फूट! कॉर्नर!"